नाव झाकलं, पण पत्रिका पोचली

या खेपेला टेम्पोबरोबर आपणच जायचं, हे मी चिडून ठरवलं. फवारणी पंपाची पितळी नोझल विकणं हा माझा धंदा. ती बनवतात लोणीचे बबनराव आणि घेतात खोडदचे दुकानदार दत्ताशेठ. तीन वर्षांत या दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नाही, कारण ते मी कळू दिलेलं नाही. कळलं तर ते थेट व्यवहार करतील आणि मी पुण्यात माश्या मारत बसेन. म्हणून खोक्यावर बबनरावांचं नाव नको आणि चलानावर फक्त माझं. तरी मागच्या खेपेला ड्रायव्हर दत्ताशेठसमोर "लोणीचा माल" बोलून गेला. मी काहीतरी थाप मारून निभावलं.

सकाळच्या एसटीने निघालो. खेडच्या घाटात उसाच्या ट्रकमागे पाऊण तास गेला. मंचरला मिसळ झकास मिळते, सत्तर रुपयांत, रस्सा मागाल तेवढा. पुढे लोणीला वडापची जीप आहे, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी होती.

बबनरावांकडे मुलीच्या लग्नाची गडबड. तरी खोकी तयार होती, आणि प्रत्येकावर त्यांचं नाव ठळक छापलेलं! मी चिकटपट्टी काढली.

"राव, चोरीचा माल हाय का ह्यो?" बबनराव म्हणाले. "माझं नाव का झाकताय?"

"पद्धत असते."

"कसली पद्धत? माल घेनारा पावणा कोण, ते तरी सांगा."

नाही सांगितलं. दुपारभर उन्हात बसून एकूण एक नाव झाकलं.

टेम्पोत ड्रायव्हरला तीनदा बजावलं, तोंड उघडायचं नाही. नारायणगाव सोडून आत वळलं की खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना दिसू लागतात. त्या म्हणे आकाशातलं कुठलं कुठलं ऐकतात. दत्ताशेठला लोणीचं ऐकू येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

दत्ताशेठनी पहिलं खोकं माझ्यासमोर फोडलं. नोझलच्या वर हळदीकुंकू लावलेली लग्नपत्रिका! पाकिटावर लिहिलेलं, 'माल घेणाऱ्या पावण्यांना, सहकुटुंब.' आत बबनरावांचं नाव, मु. पो. लोणी आणि मोबाइल नंबर.

"लोणी?" दत्ताशेठ हसले. "हितनं लई लांब न्हाई की वो!"

घाईघाईने चहा प्यायलो आणि परत निघालो.

घरी पोचल्यावर बबनरावांना फोन लावून तडकलोच. तिकडून शांतपणे उत्तर आलं, "तुमी नाव सांगंना, मग त्या पावण्याला बोलवायचं कसं? तीन वर्सं त्याच्यामुळंच तर कारखाना चाललाय. म्हणून खोक्यात टाकली."

"आणि मला पत्रिका?"

"तुमी घरचंच. घरच्यांना कुठं पत्रिका देत्यात व्हय?"

फोन ठेवला. राग गेला नव्हता, पण तो नेमका कुणावर काढायचा ते कळेना.

दोन दिवसांनी दत्ताशेठचा फोन आला. नवीन ऑर्डरचं अवाक्षर नाही. "भाऊ, रविवारी लग्नाला माझ्या गाडीतनं चला. तुमी नसला तर मला तिथं वळखणार कोण?"

जाणार आहे. मांडवात दोघांची ओळख मीच करून देणार.