तांबडी चिंधी बांधलेली झाडं

सोजर गेली तेव्हा माझ्या हातात पाण्याची झारी होती. तिनंच धाडलं होतं मला. दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो होतो, सकाळची वेळ, तिनं नळी लावलेला हात जरासा उचलला आणि म्हणाली, "आवं, घरी जाऊन या. झाडं वाळली असतील. त्या अनंताला बुडात घाला पानी, वरून न्हाई." मी म्हणालो, मरू दे तुझी झाडं. तर म्हणाली, "जावा म्हंते ना." आयुष्यभर बायकोचं ऐकायची सवय लागलेली... उठलो, रिक्षा केली, घरी आलो, झारी भरली. अनंतापाशी पोचलो आणि फोन वाजला. दिलीपचा, आमच्या मुलाचा. तो काही बोललाच नाही, नुसता श्वास ऐकू आला. तेवढ्यात कळायचं ते कळलं. झारी वाकडी झाली होती, पाणी माझ्याच पायावर पडत होतं, आणि तो अनंत कोरडाच.

लोक म्हणतात, आबा, तुम्हाला बघवलं नसतं म्हणून तिनं मुद्दाम पाठवलं. असं बोलून बोलणाऱ्याला बरं वाटतं, मला वाटत नाही. तिला झाडांची काळजी होती म्हणून तिनं मला पाठवलं. एवढा मोठा संसार एका बाजूला आणि अनंताचं बूड एका बाजूला. मला त्याचा राग आला, अजून आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. रेल्वेत गँगमन होतो. लोणावळ्याच्या घाटात रूळ, खडी आणि पावसाळ्यात कोसळलेली दरड, यात उमेदीची वर्षं गेली. लिहिणं हे माझं काम नव्हे. पण ती गेल्यावर पुण्यानुमोदनाला सगळे जमले, त्या दिवशी आमच्यातलाच एक शिकलेला गृहस्थ उभा राहिला आणि म्हणाला, सोजराबाईंचं माहेर पवनेच्या धरणात बुडालं, म्हणून त्या आयुष्यभर कुंड्यांमध्ये आपली हरवलेली माती शोधत राहिल्या. बायका लागल्या पदर डोळ्याला लावायला. मी तेव्हा गप्प बसलो, आता बोलतो. खोटं आहे ते. तिचं माहेर धरणात गेलं हे खरं, पण तिच्या माहेरच्या दारात एकच बाभळ होती आणि ती सोजरला कधी आवडली नाही. काटं लय, सावली न्हाई, म्हणायची. तिला झाडं विकत घ्यायला आवडायचं. गर्दीत शिरून, पारखून, पाहिजेत त्याहून जास्त, दोन्ही हात भरून. त्याला दुसरं काही कारण नव्हतं. गरिबाच्या बाईनं हौस केली की लोक तिच्यात दुःख शोधायला लागतात. बंगलेवाल्या बाईनं केली तर म्हणतात, छंद आहे.

सुरुवात झाली ती माझ्या चष्म्यामुळं. चष्मा करायला पुण्याला गेलो होतो, परतीला वाटेत एका बागेत फुलांचं प्रदर्शन लागलं. म्हणाली, जरा बघू. माझ्या डोळ्यांत डॉक्टरनं औषध टाकलेलं, मला सगळं धुरकट दिसत होतं. मला एका बाकावर बसवून ती जी आत गेली ती ऊन उतरल्यावर बाहेर आली. समोर काहीतरी हिरवं हलतंय एवढंच मला दिसलं, आणि त्या हिरव्यातून आवाज आला, "आवं, धरा की. बघत काय बसलाय?" गुलाब, दोन जास्वंदी, कढीपत्ता, मोगरा, तुती आणि ज्याचं नाव तिलाही माहीत नव्हतं असं एक. मी म्हणालो, हे ठेवणार कुठं? आमची क्वार्टर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. ती म्हणाली, "आधी घरी तर जाऊ द्या." असली खूश मी तिला लग्नात पाहिली नव्हती.

मग दर सालचं झालं. प्रदर्शन हा शब्द तिच्या तोंडी बसलाच नाही, झाडांची जत्रा म्हणायची. पुण्यातली, तळेगावातली, लोणावळ्यात कुणी भरवली तर तीही. तिची एक रीत होती. जुनं तांबडं लुगडं फाडून त्याच्या चिंध्या करायची आणि त्यांचा गुंडाळा कमरेला खोचून जत्रेला जायची. पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही. नुसतं फिरायचं, आणि जे मनात भरेल त्याच्या फांदीला चिंधी बांधून पुढं जायचं. तांबडी अशासाठी, की हिरव्यात लांबून दिसते. दुसऱ्या फेरीत चिंध्या बघत बघत झाडं गोळा करायची. विकणारे सुरुवातीला ओरडायचे, ओ बाई, काय बांधताय, दुसऱ्या गिऱ्हाइकानं मागितलं तर? ती म्हणायची, "त्याला सांगा, ह्याची सोयरीक झालीय." पुढं पुढं ते ओळखायला लागले. तळेगावच्या रोपवाटिकेचे रफीकभाई तर तिला लांबून बघूनच हाक मारायचे, "या मावशी, सगळी स्थळं तयार आहेत." एकदा त्यांनी विचारलं, "मावशी, खरं सांगा, घरी जागा आहे का एवढ्यांना?" सोजर म्हणाली, "जागा बघून झाडं घ्यायची म्हंजी जेवायच्या आधी पोट मोजायचं. न्या बांधून."

बांधून न्यायचं काम माझं. लोणावळा लोकलमध्ये मी कितीदा तरी फांद्यांत तोंड खुपसून आलोय. एकदा एका माणसाच्या कानात सोनचाफ्याचं पान जात होतं, तो वैतागून म्हणाला, आजी, हे झाड बाकावरून खाली घ्या, माणसांना बसायला जागा नाही. सोजर म्हणाली, "ते तळेगावपास्नं बसलंय, तुमी आत्ता चढलात. ऱ्हावा उबं." अख्खा डबा हसला, शेवटी तो माणूसही हसला आणि त्यानंच उतरताना सोनचाफा हातात घेऊन खाली दिला. मी हसलो नाही. माझ्या मांडीवर चिकूचं कलम होतं आणि पायात मुंग्या आलेल्या.

घरी आणल्यावरही तिचा कायदा होता. नवीन झाडाला आठवडाभर हात लावायचा नाही. कुंडी बदलायची नाही, खत नाही, उन्हात ठेवायचं नाही. पडवीत सावलीला पिशवीसकट नुसतं बसवून ठेवायचं. "नवी नवरी आल्याआल्या चुलीम्होरं बसवत्यात व्हय? घर बघू द्या तिला." चिंधीही त्या आठवड्यात सोडायची नाही. मग रेल्वेच्या रंगाचे रिकामे डबे मी आणून द्यायचो, बुडाला भोकं पाडून द्यायचो, त्यात ती लावायची. मला झाडांचं काही कळत नाही, आवडही नाही. मी भोकं पाडली ती तिच्यासाठी.

रिटायर झाल्यावर तळेगावात दिलीपच्या फ्लॅटवर आलो. पत्र्याची पडवी गेली, ग्यालरी आली. सोजरनं महिन्याभरात ती अशी भरली की वाळत घातलेला टॉवेल काढायला आडवं व्हावं लागायचं. खालच्या मजल्यावरून तक्रार यायची, पाणी गळतंय. सूनबाई, वैशाली, तोंडानं कधी काही बोलली नाही, पण दार जरा जोरात लावायची. दिलीप म्हणायचा, "आई, पुरे आता, ही शेवटची जत्रा." ती व्हय म्हणायची. दर जत्रा शेवटचीच होती.

खरी शेवटची गेल्या पावसाळ्यात झाली. तिला दम लागत होता. एका फेरीतच बाकावर बसली, पण तेवढ्यात तिच्या मनाजोग्या चिंध्या बांधून झाल्या होत्या. बकुळ, दोन तगरी, पांढरा कांचन, रातराणी, एक चिकू पुन्हा... मी रफीकभाईंना म्हणालो, अहो हिला आवरा, हिला चालवत नाही आणि मला एवढं उचलवत नाही. ते म्हणाले, "राहू द्या आबा. चिंधीवाली मी परत नेतो, वाटिकेत वाढवतो. थंडीच्या जत्रेला घेऊन जा." सोजरला हे पटलं नाही. झाड घ्यायचं आणि घरी रिकाम्या हातानं जायचं, हे तिला भरल्या ताटावरून उठल्यासारखं वाटलं. रिक्षात बसेपर्यंत मागं वळून बघत होती. शेवटी एक अनंत तेवढा मांडीवर घेतलाच. तोच तो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं झाल्यावर दिलीप उभा राहिला आणि सगळ्यांना म्हणाला, "आईची आठवण म्हणून प्रत्येकानं एक एक झाड घेऊन जा." मला विचारलं नव्हतं. लोकांना फार आवडलं ते. किती छान कल्पना, म्हणाले. जो तो ग्यालरीत शिरला आणि आपल्याला शोभेल ते झाड उचलून निघाला. माझ्यासमोरून कुंड्या जात होत्या, मातीचे ठिपके पार जिन्यापर्यंत. कुणी मला म्हणालं, आबा, काळजी करू नका, जिवापाड जपू. अनंत कुणी नेला ते मला दिसलंही नाही. चारआठ दिवसांनी ग्यालरीत एक झोपाळा आला आणि खाली हिरवं गवत अंथरलं. प्लास्टिकचं. सोजरच्या ग्यालरीत प्लास्टिकचं गवत. चिंध्यांचा गुंडाळा कपाटात होता, तो वैशालीनं पुसायला काढला.

मी झाडं बघायला निघालो. इंदुरीला सोजरच्या बहिणीकडं गेलो. तिनं घरी नेल्याबरोबर मोगरा मोठ्या कुंडीत बदलला, शेणखत भरलं, भर उन्हात ठेवला. प्रेमानं मारला. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंची जास्वंद एसीच्या गरम वाऱ्यासमोर उभी होती, पानं पापडासारखी. त्या म्हणाल्या, मी रोज फोटो टाकत होते हो ग्रुपवर. दिलीपच्या दोस्ताच्या दुकानात गेलो तर कुंडी होती, झाड नव्हतं. कुंडीत छत्र्या ठेवलेल्या. त्यानं चहा मागवला. मी तो न पिता आलो. सोजर एकदा गेली होती, मला ती दारोदार पुन्हा जाताना बघावी लागली. नंतरच्या घरी मी गेलोच नाही.

मग थंडीची जत्रा आली. मला जायचं नव्हतं. दारावरून स्पीकरची रिक्षा ओरडत गेली तेव्हा मी खिडकी लावून घेतली. पण पायांची सवय... मैदानात गेलो तर रफीकभाई एका गिऱ्हाइकाला खत समजावून देत होते. मला बघितलं, आणि माझ्या मागं बघितलं. दर वेळी ती माझ्या मागंच असायची, चिंध्या बांधत. म्हणाले, "आबा, मावशी कुठं राहिल्या?"

"न्हाई आता ती," मी म्हणालो.

ते गिऱ्हाइकाला हातानंच थांब म्हणाले आणि मला स्टॉलच्या मागं घेऊन गेले. तिथं हिरव्या जाळीखाली ती झाडं ओळीनं उभी होती. बकुळ, तगरी, कांचन, रातराणी, चिकू. गुडघ्यावर आलेली, नवी पालवी फुटलेली. आणि प्रत्येकाला तिची चिंधी. पावसानं रंग उतरलेला, गाठ मात्र तिचीच, उलटी, डावखुरी. बकुळीची फांदी जाड होऊन गाठीत रुतायला लागली होती. रफीकभाई म्हणाले, "मी सैल करणार होतो. म्हटलं, मावशी आल्या की त्याच सोडतील." एवढं बोलून ते एकदम वळले आणि पाण्याचा पाइप उगाच हातात घेतला.

मी म्हणालो, टेम्पो बघा.

घरी दार वैशालीनं उघडलं. मी एक एक झाड आत आणत होतो आणि ती बाजूला सरकत होती. दिलीप बाहेर आला. "आबा, हे काय? ठेवणार कुठं? जागा कुठंय?" मी त्याला म्हणालो, "तो झोपाळा काढ." तो म्हणाला, "अहो पण..." मी म्हणालो, "तुझ्या आईची झाडं आलीत. तू वाटून टाकलीस त्यातली न्हाईत ही. झोपाळा काढ, न्हाईतर मी काढतो, आणि मी काढला तर तो परत जोडता यायचा न्हाई." रेल्वेतला माणूस आहे मी, पाना कसा धरायचा मला माहीत आहे. झोपाळा निघाला. गवताची गुंडाळी दिलीपनंच केली. खाली फरशीवर जुन्या कुंड्यांचे गोल गोल डाग तसेच होते. त्याच डागांवर एक एक झाड ठेवलं.

वैशाली कात्री घेऊन आली. तिचा हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. म्हणाली, "आबा, ह्या चिंध्या कापून टाकू का? घाण दिसतात." मी म्हणालो, आठवडाभर कुणी हात लावायचा नाही. आठवडा कधीच होऊन गेला. बकुळीची तेवढी मी जरा सैल केली, बाकीच्यांना हात लावला नाही. कुजून पडतील तेव्हा पडतील.

कुणी असं समजू नये की मला आता झाडं आवडायला लागली. नाही आवडत. रातराणीच्या वासानं डोकं दुखतं. सोजरवरचा माझा राग गेलेला नाही, आणि तिला तो सांगायची काही सोय उरलेली नाही. सकाळी झारी भरतो, बुडात पाणी घालतो, वरून नाही. मधेच घरात फोन वाजतो. हात थांबतो तेवढ्यापुरता... पण झारी मी खाली ठेवत नाही. आधी शेवटच्या झाडापर्यंत जातो.