चौदा नंबरची कोरी जर्सी

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, दुपारी सव्वाचार. स्थळ : सांगलीतल्या एका हॉस्पिटलचा पहिला मजला, अतिदक्षता विभागाबाहेरचा बाकडा. हजर : मी, माझे पती, धाकटी जाऊ सुनंदा, माझा मुलगा ओंकार आणि बापूंच्या हाताखाली बास्केटबॉल खेळलेली नऊ मुलं. त्यातली दोघं कारखान्याच्या ड्यूटीवरून तशीच आली होती, ऑइलच्या डागांसकट. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आधी चष्मा काढला. तेवढ्यावरून सुनंदाला कळलं.

मी पलूसच्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. सभा कुठलीही असो, आधी तारीख, मग हजेरी, मग विषय क्रमांक एक, अशी हाताला सवय लागली आहे. त्या दुपारीही पर्समधली डायरी निघाली, हजेरी लिहिली गेली, आणि ‘विषय क्रमांक एक’ लिहून पेन थांबलं. पुढचे कित्येक आठवडे ते पान तसंच होतं. आता तिथूनच सुरुवात करते.

बापू माझे धाकटे दीर, सुनंदाचे पती. सैन्यात सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी आले. सकाळी उसाला पाणी, संध्याकाळी आमच्या शाळेच्या मैदानावर पोरांना बास्केटबॉल, असा त्यांचा दिवस. ‘फौजेकडून खेळलेला माणूस’ म्हणून गावात त्यांचा दबदबा होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत एका वर्षी ‘सेनादलाचे नामवंत बास्केटबॉलपटू’ असं मीच छापून घेतलं होतं. सूत्रसंचालक ते वाचत असताना बापू स्वतःच्या बुटांकडे बघत बसले होते. मला वाटलं, किती विनय आहे या माणसाला!

त्यांच्या शिकवण्याबद्दल इतर लोक लिहितील. मला सांगायचंय ते त्यांच्या एका पद्धतीबद्दल. बारावी झालेल्या ज्या पोराला पुढे खेळायचं असेल त्याला बापू स्वतः कॉलेजं दाखवायला न्यायचे. इस्लामपूर, सांगली, कराड, साताऱ्यापर्यंत. कॉलेजला कळवायचं नाही, प्राचार्यांना भेटायचं नाही, माहितीपत्रक मागायचं नाही. संध्याकाळी पाच वाजता मैदानावर जायचं, पायरीवर बसायचं, खिशातले शेंगदाणे खायचे आणि सराव संपेपर्यंत बघत राहायचं. परतताना स्कूटरवर पोराला एवढंच विचारायचे, “शेवटचं पोरगं दिसलं का रं?” त्यावरून त्यांचं मत ठरायचं. त्यामुळे त्यांची बहुतेक मुलं लहान लहान कॉलेजांत गेली. जेमतेम दहा जणांचा संघ, विभागीय स्पर्धेच्या पुढे कधी न गेलेला. लोक त्यांना हसायचे. सहा फूट दोन इंचाचं पोरगं इस्लामपुरात वाया घालवलं म्हणायचे. मीही मनात तेच म्हणायचे.

मग माझ्या ओंकारची बारावी झाली. उंची सहा फूट तीन, टक्के चौऱ्याहत्तर, आणि डोक्यात फक्त बास्केटबॉल. मी तक्ता केला. उभ्या रकान्यांत चार कॉलेजं. आडव्या ओळींत फी, वसतिगृह, मेस, मैदान, संघाची मागची कामगिरी, पुढे नोकरीची सोय. प्रत्येकाला गुण. पुण्याचं एक मोठं कॉलेज सगळ्यांच्या फार पुढे निघालं. इस्लामपूर शेवटी. तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि बापूंना बोलावलं.

त्यांनी तो उभ्यानेच वाचला. “वहिनी, अक्षर लय झ्याक हाय तुमचं.”

“अक्षराचं राहू द्या. तक्त्याचं बोला.”

“एक रकाना ऱ्हायलाय.”

“कुठला?”

“शेवटचं पोरगं. बाकावर अगदी टोकाला बसतंय ते. त्येला कवा उठवत्यात का न्हाई, ते.”

मी हसले. पण बघायला काय हरकत आहे म्हणून दोन्हीकडे गेलो. बापू, ओंकार आणि मी.

पुण्याचं मैदान म्हणजे आत, छताखाली, चकचकीत लाकडी जमीन. मी कार्यालयातून अर्ज, नियमावली, शुल्काचा कागद असं सगळं घेऊन आले तोवर बापू तिसऱ्या पायरीवर बसून अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होते. “बावीस. आपला ओंकार तेविसावा,” ते म्हणाले. प्रशिक्षक दहा-बारा मुलांवर ओरडत होते, बाकीची कडेला उभी होती. टोकाला एक काटकुळा मुलगा मांडीवर टॉवेल घेऊन बसला होता. निघताना बापू मुद्दाम त्याच्याकडे गेले, मूठभर शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले. “कुठला रं तू?” तो म्हणाला, “वर्ध्याचा, काका. अनिकेत.” “दमला न्हाईस आज,” बापू म्हणाले. मुलाने मान हलवली आणि शेंगदाणे खाऊ लागला. मला तो सगळा प्रकार ओशाळवाणा वाटला होता, हे इथे नोंदवून ठेवते.

दोन दिवसांनी इस्लामपूर. उघडं सिमेंटचं मैदान, एका रिंगला जाळी नाही. क्रीडाशिक्षक कुंभार सर स्वतः झाडूने वाळू लोटत होते. नऊ मुलं. ओंकारला बघून सर म्हणाले, “उभा काय ऱ्हायलास? चपला काढ, दहावा गडी पायजे.” नाव विचारलं ते अर्ध्या तासाने. परतताना ओंकार कधी नव्हे ते गाणं गुणगुणत होता. मी बघितलं होतं. तरी माझ्या डोक्यात जाळी नसलेली रिंग बसली होती.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर वाद झाला. खरं तर वाद एकटीनेच घातला, बापू ऐकत होते. मी म्हटलं, “शेवटच्या पोराकडे बघून कुणी कॉलेज निवडतं का? आपला ओंकार पहिल्या पाचांत येईल.”

“ईल की,” ते म्हणाले. “पर न्हाई आला तर तीन वर्सं लय लांब असत्यात, वहिनी.”

तेव्हा मी बोलायला नको ते बोलले. “तुम्ही स्वतः फौजेच्या मोठ्या संघात खेळलात. नाव कमावलंत. आणि माझ्या मुलाला मात्र सिमेंटवर ठेवायला निघालात?”

बापूंनी कपातला चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला आणि निघून गेले. ओंकारला विचारलं, तर तो म्हणाला, “तू म्हणशील तसं, आई.” मी अर्ज भरला.

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे. ओंकार पुण्यात वर्षभर बसला. आधी सामन्याच्या बारा जणांत नावच नव्हतं, मग बाराव्या जागी आलं. फोनवर विचारलं की म्हणायचा, “चाललंय.” सामन्याचं विचारलं की म्हणायचा, “जिंकलो.” दिवाळीला घरी आला तेव्हा चार दिवस त्याने चेंडूला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मी पायपुसणं झटकायला दार उघडलं तर बापू अंगणात उभे. ओंकारला म्हणाले, “चल रं, जाळी बांधायचीया मैदानावर, माझा हात पुरंना.” त्यांचा हात पुरायचा. दोघं दिवस मावळता परत आले तेव्हा पोराच्या शर्टाला घाम होता. जेवताना त्याने हळूच विचारलं, “आई, कॉलेज बदलता येतं का गं?”

बापू “मी म्हणालो होतो” असं एकदाही म्हणाले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलायचं मायग्रेशन, पात्रता प्रमाणपत्र, खेळाडूचा अर्ज... कागद हे माझं क्षेत्र. मी यादी केली आणि जूनच्या आत सगळ्या ओळींवर खूण झाली. ओंकार इस्लामपूरला गेला. विभागीय स्पर्धा सांगलीत होती, आम्ही सगळे बघायला गेलो. दुसऱ्याच फेरीत हरले. मी हळहळले, तर बापू शेंगदाण्याची टरफलं झटकत म्हणाले, “वहिनी, बगा तर खरं. धाच्या धा पोरं घामानं भिजल्यात.” त्यांचा चेहरा असा होता, की जिंकलेल्या संघाचा कुणी बघितला असता तर त्याला वाटलं असतं हाच माणूस करंडक घेऊन चाललाय.

माफी मागायची राहिली होती. यादीत होती, पण मनातल्या. मार्चअखेरची कामं आटोपली की सावकाश बोलू, असं ठरवलं होतं. फेब्रुवारीतच एके सकाळी मैदानावर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. पोरांना घाबरवायला नको म्हणून शिट्टी वाजवून सराव संपवला, चेंडू मोजून पिशवीत भरले आणि स्वतः स्कूटर चालवत डॉक्टरांकडे गेले. तिथून सांगली. दोन दिवस.

बापू गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात सुनंदाने मला बोलावलं. पेन्शनची कागदपत्रं शोधायला तिने बापूंची लोखंडी पेटी उघडली होती. कागद वरच मिळाले. खाली एक मरून रंगाचं जर्किन होतं आणि त्याच्या आत घडी घातलेली पांढरी जर्सी, नंबर चौदा. जर्किन दोन्ही कोपरांवर झिजून विरलं होतं, आतलं अस्तर दिसत होतं. जर्सी मात्र कोरी. घडीच्या रेषासुद्धा मोडल्या नव्हत्या.

“असं कसं गं?” मी म्हटलं. “जर्किन एवढं वापरलं आणि जर्सी...”

सुनंदाने हातातले कागद बाजूला ठेवले. “आक्का, तुमास्नी खरंच ठावं न्हाई?” मग म्हणाली, “चार वर्सं हुते त्या टीममदी. एकदाबी उठवलं न्हाई. गुडघ्यावर कोपरं टिकवून बसायचं, त्यानं ते असं झालं. जर्किन काडायची येळच आली न्हाई.”

ओट्यावरची ती संध्याकाळ, पालथा घातलेला कप, पत्रिकेतलं ‘नामवंत’... सगळं एकदम आठवलं.

“ही जर्सी शेवटच्या पोराला द्यायची, असं दरसाल दिवाळीची साफसफाई करताना म्हणायचे,” सुनंदा सांगत होती. “पर त्यांची पोरं अशा कॉलेजात जायची की तितं बाकावर कुणी बसायचंच न्हाई. मग परत घडी घालून ठिवायचे.”

“पण ओंकार बसला होता की वर्षभर. त्याला का नाही दिली?”

सुनंदाने पेटीचं झाकण लावलं. “मीबी तेच इचारलं. तर म्हणाले, नगं, वहिनीच्या जिवाला लागंल.”

जर्सी तिने माझ्याकडे दिली. “तुमीच बगा आता. यादी तुमच्याकडं असतीया.”

मी आधी इस्लामपूरला गेले. कुंभार सरांना विचारलं, तुमच्याकडे बाकावर शेवटी कोण बसतं? ते म्हणाले, “मॅडम, बसायला माणूस हाय कुटं? धाच हायत.” रात्री जेवताना ओंकारला सांगितलं. तो घास हातात धरून थांबला. म्हणाला, “आई, अनिकेत आहे ना. माझ्या शेजारी बसायचा. शेवटचं वर्ष आहे त्याचं. काल बोललो, अजून तिथंच बसतोय. बापूकाकांनी दिलेल्या शेंगदाण्यांची आठवण काढत होता.”

जर्सी माझ्या ऑफिसच्या कपाटात आहे, हजेरीपटांच्या वरच्या खणात, सुनंदाने दिली त्याच घडीत. दोनदा पुण्याची बस चुकवली; एकदा ऑडिट होतं, एकदा काहीच नव्हतं. त्या चकचकीत मैदानाच्या तिसऱ्या पायरीवर एकटीने बसायचं, आणि त्या मुलाला काय सांगायचं, हे ठरत नाही. शेंगदाणे भाजून डब्यात ठेवलेत. डायरीतलं ते पान आता असं आहे :

विषय क्रमांक एक : पुणे. वेळ संध्याकाळी पाच. न कळवता. जर्सी अनिकेतला देणे.

पुढची, खुणेची चौकट रिकामी आहे.