थर्मन टॉलिव्हरचं जाकीट

थर्मन टॉलिव्हरचा संसार जवळून बघितलेल्या कुणालाही विचारा, या माणसाला दोन बायका होत्या असंच तो सांगेल. एक व्हर्डेल आणि दुसरी ते जाकीट. गडद डाळिंबी लोकरीचं, छातीवर मोहरीच्या रंगाची तीन ग्रीक अक्षरं. लग्न झाल्यापासून ते सांभाळलं मात्र व्हर्डेलनंच. कसर लागू नये म्हणून कपाटात देवदाराच्या चकत्या ठेवल्या, नवऱ्याचं पोट सुटलं तसं दोनदा शिवणी उसवून ढिलं करून दिलं आणि दर वेळी "या वयात कसला रे हा कॉलेजचा पोरकटपणा" हेही ऐकवलं. थर्मन नुसता हसायचा. याच्या पोटात काही गुपित असेल असं तिला कधी स्वप्नातही वाटलं नाही. माणूसच तसा होता, खिसे उलटे केले तर पेपरमिंटच्या गोळ्यांपलीकडे काही निघायचं नाही.

आता अलाबामातल्या त्या गावात फ्रॅटर्निटी, म्हणजे कॉलेजातला बंधुसंघ, हे काही चार पोरांचं टोळकं नव्हतं. गावातला शिकलेला काळा माणूस, मग तो मास्तर असो, दंतवैद्य असो की पाद्री, कुठल्या ना कुठल्या फ्रॅटर्निटीचा असायचाच, आणि एकदा बंधू झाला की मरेपर्यंत बंधू. व्हर्डेलचे वडील, पोस्टमन रूफस क्रेनशॉ, डाळिंबी जाकीटवालेच. दुसऱ्या रंगाचं जाकीट घालणाऱ्या पोराला मुलगी द्यायची नाही हे त्यांनी चर्चच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं होतं. थर्मन मागणी घालायला आला तेव्हा त्यांनी आधी त्याचा हात हातात घेतला. बंधूंची एक खास पकड असते, बाहेरच्याला कळू नये अशी. तो हात त्यांनी बराच वेळ धरून ठेवला आणि मग आत वळून म्हणाले, "कॉफी टाका."

पुढे पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तीही जाकिटाच्याच जोरावर, असं थर्मन सांगायचा. नातू मार्सेल टेकडीवरच्या, थर्मनच्याच कॉलेजात गेला तेव्हा तर आजोबांच्या तोंडाला खळच नव्हता.

"अरे, फ्रॅटर्निटीचे फायदे काय विचारतोस! मेम्फिसच्या रस्त्यावर गाडी बंद पडली, तर काचेवरची अक्षरं बघून एक अनोळखी माणूस थांबला. स्वतःची गाडी सोडून माझ्या गाडीखाली शिरला, पांढऱ्या शर्टानिशी!"

"आणि घरी आणून तूच त्याला तीन दिवस जेवायला घातलंस," व्हर्डेल स्वयंपाकघरातून म्हणायची. "तो फायदा कुणाचा?"

"तो त्याचा फायदा. सांगतोय काय मी, दोन्हीकडून असतो!"

मार्सेल हसून लोटपोट व्हायचा. पण ऐकत होता. दुसऱ्या वर्षी तोही उमेदवार झाला, वसंतात रीतसर आत घेतला गेला, आणि ते कळलं त्या दिवशी थर्मन मागच्या अंगणात जाऊन एकटाच बसला. आनंद झालाय त्याला, असं व्हर्डेलनं शेजारणीला सांगितलं.

ऑक्टोबरात कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो. प्रत्येक फ्रॅटर्निटीचं एकेक झाड ठरलेलं, बुंध्याला आपापला रंग फासलेला. डाळिंबी झाडाखाली दुपारी हजेरी होते. एका वर्षीच्या उमेदवारांची एक रांग. उंचीप्रमाणे उभं करून प्रत्येकाला नंबर मिळतो आणि तो जन्मभर पुसत नाही. आपला नंबर आपण ओरडून हजर म्हणायचं, देवाघरी गेलेल्याचा नंबर मागे राहिलेल्यानं ओरडायचा. थर्मन या हजेरीला कधी उभा राहिला नाही. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, बँडच्या ढोलांपाशी, मक्याच्या पिठात घोळवलेले मासे तळायचा. "मासे करपतील," हे दर वर्षीचं उत्तर. व्हर्डेलही चर्चमधल्या बायकांबरोबर केक कापण्यात गुंतलेली असायची, त्यामुळे हजेरी कशी असते हे तिनंही धड ऐकलं नव्हतं.

एकदा मात्र मासे खरंच करपले होते. बाहेरगावचा एक पोरगा डाळिंबी जाकीट घालून मिरवत होता. कुणीतरी त्याची रांग विचारली, नंबर विचारला, आणि त्याला काही सांगता येईना. चौघांनी मिळून भर मैदानात त्याचं जाकीट उतरवलं. पोरगा रडत होता. व्हर्डेलनं मागे वळून बघितलं तर कढईतून धूर निघतोय आणि थर्मन झारा हातात धरून दगडासारखा उभा. "किती हळवा आहेस रे," ती म्हणाली होती.

यंदा मार्सेलनं तो झारा काढूनच घेतला. मित्राच्या हातात दिला आणि म्हणाला, "आजोबा, आज सुट्टी. मला तुमचा नंबर तुमच्या तोंडून ऐकायचाय."

"अरे, मासे..."

"मासे पळून जात नाहीत. चला!"

व्हर्डेल मोबाईल घेऊन मागे निघाली, शूटिंग करायला. वाटेत थर्मननं तिचं मनगट धरलं. त्याचा हात बर्फासारखा गार.

"व्हर्डेल, घरी जाऊ या."

"साखर उतरली का रे? पेपरमिंटची गोळी खा."

"घरी जाऊ या ना."

"नातवाचा एवढा दिवस, आणि घरी काय जाऊ या!" तिनं त्याच्या पाठीला हात लावून त्याला पुढे ढकललं. ते ढकलणं तिला पुढे कितीतरी दिवस छळणार होतं.

थर्मनच्या वर्षाच्या रांगेतला जिवंत माणूस एकच, हॉरस पेटवे. ताडासारखा उंच, म्हणून शेवटचा, पाचवा. गावात अंत्यविधीचं काम करायचा, आता निवृत्त. काठी टेकत तो पुढे आला. थर्मनला समोर बघून क्षणभर थबकला आणि मग खणखणीत आवाजात सुरू झाला.

"एक! देवाघरी. दोन! देवाघरी. तीन! देवाघरी."

मग त्यानं दम घेतला.

"चार!"

मार्सेलनं आजोबांना कोपरानं हळूच ढोसलं. थर्मनचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"नाही," तो म्हणाला. "मी नाही."

कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याची गंमत चाललीय असं वाटलं असावं.

"मी बंधू नाही. कधीच नव्हतो. मला आत घेतलंच नव्हतं." तो बायकोकडे बघत नव्हता, नातवाकडे बघत होता. "मार्सेल, हे जाकीट खोटं आहे, बाळा."

व्हर्डेलच्या हातातला मोबाईल तसाच चालू राहिला. त्यात नंतर नुसतं गवत आणि तिच्या चपला दिसत होत्या. कसरीपासून जपलेलं जाकीट, उसवलेल्या शिवणी, मेम्फिसचा तो पांढऱ्या शर्टाचा माणूस, वडिलांनी टाकायला लावलेली कॉफी! अख्खं लग्न त्या कॉफीवर उभं होतं. एवढी वर्षं आपण कुणाच्या शेजारी झोपलो? तिला रडू आलं नाही, संतापही आला नाही, नुसता आ वासला गेला.

शाखेचा अध्यक्ष विशीतलाच पोरगा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नियम त्याला ठाऊक होता आणि समोर मार्सेलचे आजोबा होते.

"काका," तो चाचरत म्हणाला, "मग तुम्हाला ते... काढावं लागेल."

"थांब," हॉरस म्हणाला. "तू सगळी रांग ऐकून घे आधी. आमच्या उमेदवारीच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या बंधूंनी आम्हाला विटा घेऊन नदीकाठानं पळवलं होतं. माझी छाती लहानपणापासून अधू. मी पडलो, श्वास लागेना. मोठे म्हणाले, सोंग करतोय, रांग सोडायची नाही कुणी. यानं सोडली. मला पाठीवर घेतलं आणि हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी विचारलं तर जे घडलं ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी डीनलाही सांगितलं. मी शुद्धीवर आलो आणि म्हणालो, शिडीवरून पडलो. मला आत घेतलं. याला चहाडखोर म्हणून हाकलला."

"हॉरस, पुरे," थर्मन म्हणाला.

"पुरे कसं? पुढे हा पोस्टमनच्या पोरीवर भाळला. मी शपथ मोडली, याला जाकीट शिवून दिलं, पकड शिकवली. पण अर्धीच. शेवटचं बोट कुठे ठेवायचं ते सांगायला जीभ रेटेना. क्रेनशॉसाहेबांनी हातात हात घेतला आणि तिथल्या तिथे ओळखलं."

व्हर्डेलनं दचकून मान वर केली. "पप्पांनी?"

"दुसऱ्या दिवशी टपालाची पिशवी घेऊन माझ्या दारात उभे, मिस व्हर्डेल. मी सगळं सांगून टाकलं. बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, लग्न होऊ दे. पण या पोरानं मला हे स्वतः येऊन सांगायला हवं. तू मध्ये पडायचं नाहीस. मला शपथ घातली."

थर्मनच्या चेहऱ्यावर आता राख फासल्यासारखी कळा आली. व्हर्डेलनं त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं, आईच्या मयतालाही नाही.

"त्यांना माहीत होतं?" त्यानं विचारलं. "आणि ते वाट बघत होते?"

"शेवटपर्यंत."

"शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलात माझा हात धरून बसले होते, सोडतच नव्हते. मला वाटलं, भ्रम झालाय." थर्मन म्हणाला. "मी त्यांना फुटबॉलचा स्कोअर सांगत बसलो, हॉरस. मी त्यांना स्कोअर सांगत बसलो!"

मैदानाच्या त्या टोकाला ढोल वाजतच होते. थर्मननं जाकिटाची बटणं काढायला घेतली, पण पहिलंच निघेना. मार्सेल पुढे झाला आणि खाली मान घालून, एकेक करून, त्यानं ती सोडवली. जाकीट घडी करून अध्यक्षाच्या हातात दिलं. पोरगा ते छातीशी धरून उभा राहिला, आता याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. थर्मन नुसत्या शर्टात उभा. गळ्याशी इस्त्रीची घडी, सकाळी व्हर्डेलनंच घातलेली.

हॉरसनं काठी जमिनीवर आपटली.

"हजेरी संपलेली नाही. मी हा नंबर दर वर्षी पुकारत आलोय आणि दर वर्षी थांबत आलोय. कुणाला माझंही जाकीट काढायचं असेल त्यानं खुशाल काढावं. चार!"

थर्मन त्या घडी केलेल्या जाकिटाकडेही बघत नव्हता, कुठेच बघत नव्हता. मार्सेलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हॉरस तसाच थांबून राहिला, आणि तो किती वेळ थांबू शकतो हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वडीलही असेच थांबले असतील, व्हर्डेलच्या मनात आलं, दर रविवारी आमच्या टेबलाशी, ताटातली कोंबडी संपेपर्यंत, कॉफी येईपर्यंत.

"आहे!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की चर्चच्या बायकांनी केक कापायचं थांबवून वळून बघितलं. "इथेच आहे मेला! आणि घरी गेल्यावर मी बघते त्याच्याकडे."

"पाच," हॉरस म्हणाला, "हजर."