सर्वपित्रीचं परदेशी पान

युरोपातल्या तत्त्ववेत्त्याचं श्राद्ध घालणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. काकांनी नांदेडच्या कॉलेजात जन्मभर युरोपचा वैचारिक इतिहास शिकवला. सर्वपित्री अमावस्येला मी लातूरहून त्यांच्याकडे जेवायला जायचो. पहिल्याच वर्षी गच्चीवर पितरांच्या पानाशेजारी दुसरं पान दिसलं. "हे कोणाचं?" मी विचारलं. "जर्मनीतल्या एका तत्त्ववेत्त्याचं," काका शांतपणे म्हणाले. माझ्या हातातला तांब्या सुटला तो थेट खालच्या अंगणात.

गुरुजी तर आ वासून बघतच राहिले. काका त्यांना समजावू लागले, "आपला कापूस, वेस्ट इंडिजची साखर, आफ्रिकेतल्या माणसांचा घाम, याच्या जिवावर त्या लोकांना बसून विचार करायची फुरसत मिळाली. म्हंजे त्या विचारात आपला वाटा हाय. वाटा हाय तर पितर बी आपलेच की!" गुरुजी दक्षिणा विसरून जिना उतरले.

मावशीला बसलेला धक्का याहून मोठा. काकांनी त्या पानावर चक्क बटाट्याची भाजी वाढायला लावली. "अहो, श्राद्धाला बटाटा?" ती किंचाळलीच. "त्याचा जन्म बटाट्यावर गेला. अन् बटाटा त्याचा बी न्हाई, आपला बी न्हाई, दक्षिण अमेरिकेचा हाय. वाढ."

बरं, याच गृहस्थानं भारताला इतिहासच नाही असं लिहून ठेवलेलं! ते पुस्तक काढून काका त्याच्याशी इतक्या तावातावानं भांडायचे की घरी कोण आलंय म्हणून शेजारी डोकावायचे. "मग त्याला जेवायला कशाला घालता?" मी एकदा विचारलं. "लई राग येतो त्याचा. पण उपाशी ठेवून भांडू न्हाई माणसानं," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "माझ्यामागं हे पान कोण वाढंल, त्याचाच घोर हाय." मावशी आतून ओरडली, "मी तर न्हाई!"

गेल्या वर्षी काका गेले. यंदा एकच पान असणार असं धरून मी गच्चीवर गेलो. पानं दोन होती. दुसऱ्यावर बटाट्याची भाजी. मी थक्क होऊन मावशीकडे पाहिलं.

"मावशी, तू?"

तिनं डोळ्यांना पदर लावला. "तिकडं भांडायला कुणी नको का त्यांना?"

थोड्या वेळानं दोन कावळे आले, आणि पानाला शिवायच्या आधीच एकमेकांवर ओरडायला लागले. मावशी रडता रडता हसली. मला मात्र काकांची फार फार आठवण आली.