मथुराकाकीच्या हातचं मीठ

मथुराकाकी मीठ मुठीनं घालायची, आणि तिची मूठ म्हणजे अर्धं मिठागर! आचोळ्यात आमच्या शाळेत ती दुपारची खिचडी शिजवायची. उष्टं टिपणारे कावळे संध्याकाळपर्यंत नळाखाली रांग लावत, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पोरांना वाढण्याआधी चव घेऊन वहीत शेरा लिहायचं काम माझं. मी ‘उत्तम’ लिहायचो आणि तांब्याभर पाणी प्यायचो.

कुणी काही बोललंच, तर म्हणायची, “मास्तर, माजा बाप मिठागरात राबला. आमच्या घरात पानी कमी पडलं आसंल, मीठ नाय!”

मग शाळेच्या जेवणातलं मीठ कमी करण्यासाठी सरकारचा निधी आला. त्यातून मोजायचा चमचा, प्रयोगशाळेची तपासणी, शिवाय रोज ताजी भाजी नि लिंबं. निधीवर देखरेख करणारे साहेब म्हणाले, “उद्यापासून मीठ निम्मं.” काकी झारा उगारणार म्हणून मी दाराशी उभा राहिलो, पळायला सोपं. पण तिनं पातेलं घासायला घेतलं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी रक्तदाबानं गेला होता. डॉक्टर मीठ तोडा म्हणत होते, आणि ही म्हणे, घरच्या माणसाला आळणी वाढू? घासता घासता एवढंच बोलली, “वाढनारा हात ह्योच व्हता, मास्तर.”

दुसऱ्या दिवशी निम्मं मीठ पडलं. “काकी, एकदम फिक्की!” म्हणत पोरांनी ताटं तशीच परत केली. साहेबांनी बजावलं, पोरं जेवत नसतील तर निधी दुसऱ्या शाळेला जाईल. म्हणजे भाजी गेली, लिंबं गेली.

काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “साहेब, भरतीचं पानी काय उडी मारून उतरतं? दिवाळीपत्तर वेळ द्या. नि पोरांना कोनी सांगायचं नाय!”

साहेबांनी वेळ दिला. न देऊन जातात कुठे! तिनं मीठ पुन्हा पहिल्यासारखं केलं आणि दर सोमवारी त्यातून एक चिमूट काढू लागली. लसणीची फोडणी, लिंबू, कोथिंबीर मात्र वाढत गेली. मुंगीलाही पत्ता लागला नाही, तिथे माझी काय कथा!

दिवाळीच्या तोंडावर साहेब आले, दोन ताटं जेवले आणि तडकले, “बाई, तुम्ही मीठ कमी केलेलंच नाही!” नमुना तपासायला गेला. निम्म्याहून कमी निघालं. निधी टिकला.

यंदा काकीनं काम सोडलं. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी आपल्या घरच्या सवयीनं मीठ घातलं. पोरांनी तोंडं वाकडी केली, “सर, खाडी ओतली का यात?” मी नाचतच काकीचं घर गाठलं. ती ओट्यावर वाल सोलत होती.

“काकी, जिंकलीस! पोरांना खारट चालेना!”

“मंग पोरं जेवली का?”

“नाही... बिस्किटं वाटली.”

“पोरं उपाशी, नि तुमी नाचत आलाव?”

टोपली बाजूला सारून तिनं पदर खोचला. माझी स्कूटर दारात उभी होती, पण तिला धीर कुठला! ती भराभरा शाळेच्या वाटेला लागलीसुद्धा.