बाबांची कॅप्सूल

दिल्लीच्या हवेवर मी एव्हाना प्रबंध लिहू शकेन. खिडक्या कधी उघडायच्या, कुठला मास्क खरा नि कुठला नुसता शोभेचा, फुफ्फुसांसाठी काय खायचं, सगळं माझ्या फोनमध्ये होतं. आई गेल्यावर बाबा नाशिकचं घर बंद करून आमच्याकडे गाझियाबादला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. मग काय, मला चेवच चढला. ऑफिसला जाताना कॅबमधून मी त्यांना रोज तीन-चार व्हिडिओ पाठवायची. बाबा ते सगळे पाहायचे. निवृत्त माणूस, वेळच वेळ.

डॉक्टरांनी त्यांना कॅप्सूलचा पंप दिला. डॉक्टर भला माणूस, पण बाहेर रांग ही एवढी. त्यांनी दोन मिनिटांत हिंदीतून सगळं सांगितलं आणि विचारलं, "अंकलजी, समझ गए?" बाबांचं हिंदी बेताचं, बोलायच्या आधी शब्द जुळवत बसतात. मला मीटिंग होती. मीच म्हणून टाकलं, "हाँ हाँ, समझ गए."

दोन महिने त्यांनी एक वेळही औषध चुकवलं नाही. तरी दम वाढतच गेला. दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत दोनदा थांबायला लागले. डॉक्टरांनी डोस वाढवला, पुन्हा तोच प्रश्न विचारला, पुन्हा मीच उत्तर दिलं. शेवटी बंगळूरचा भाऊ आणि मी फोनवर ठरवून टाकलं की इथली हवा त्यांना मानवत नाही, नाशिकला पाठवू, एक बाई ठेवू. बाबा बरं म्हणाले. आईशिवाय त्या घरात त्यांना राहायचं नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी तिकीट काढलं.

जाण्याआधी एकदा दाखवून आणावं म्हणून गेलो. त्या दिवशी डॉक्टरांच्या आधी एक वयस्कर सिस्टर पेशंट पाहत होती. तिने रिकामा पंप आणि एक कॅप्सूल टेबलावर ठेवली आणि घरी घेता तसं घेऊन दाखवा म्हणाली. मी लगेच सुरू झाले की ते अगदी नियमित घेतात, मी स्वतः आठवण करते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आप नहीं. अंकलजी."

बाबांनी पाणी मागितलं. घसा कोरडा पडला असेल असं मला वाटलं. त्यांनी कॅप्सूल जिभेवर ठेवली, पाण्याबरोबर गिळली, मग तो रिकामा पंप तोंडाला लावून डोळे मिटून तीनदा खोल श्वास घेतला. पंप पुसून जागेवर ठेवला.

सिस्टर हसली नाही. तिने दुसरी कॅप्सूल पंपात घातली, पंप फिरवला, आतली पूड छातीत कशी ओढायची ते दाखवलं आणि त्यांच्याकडून करून घेतलं. असं बरेच जण करतात, कॅप्सूल म्हटलं की माणूस गिळणारच, असंही म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिन्यांत बाबा औषध घेताना मी एकदाही समोर बसले नव्हते.

तिकीट महिनाभर पुढे ढकललं. तोवर ते न थांबता जिना चढायला लागले आणि तिकीट रद्दच झालं. पण ते नंतरचं. त्या दिवशी ई-रिक्षातून परतताना मी चक्क त्यांच्यावरच डाफरले.

"बाबा, कळलं नव्हतं तर विचारायचं नाही का?"



"विचारणार होतो गं," बाबा म्हणाले. "पण तू समजलं म्हणालीस. म्हटलं, घरी गेल्यावर सांगशील."