मूळचे कुठले?

आमच्या किचनमध्ये एक ड्रॉवर आहे. त्यात केचपची पाकिटं, सोया सॉसची पाकिटं, प्लास्टिकचे चमचे. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण आता तो उघडतानाही अडकतो. ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच होतं बघा. मी ते काही जमवले नाहीत. फेकायचे राहून गेले, एवढंच.

तर ऐका. ग्रीन कार्ड आलं आणि २००३ साली मला नोकरी लागली. डब्लिनपासून, म्हणजे आमच्या ओहायोतल्या डब्लिनपासून, पाऊण तासावरच्या एका छोट्या कॉलेजात. स्लाव्हिक डिपार्टमेंटची सेक्रेटरी! स्लाव्ह म्हणजे रशियन, पोलिश, युक्रेनियन, सर्ब, झेक अशी भाषेनं भावकी असलेली सगळी मंडळी. ही मंडळी मुळात आली कुठून, हा आमच्या डिपार्टमेंटचा विषय. आणि आमचं डिपार्टमेंट बंद कधी होणार, हा उरलेल्या कॉलेजचा विषय.

मी जॉइन झाले त्याच दिवशी डीनच्या ऑफिसातली बाई म्हणाली, "टेबलावर फार सामान मांडू नकोस हं."

माझा नवरा संजय तेव्हा काँट्रॅक्टवर. आज आहे, उद्या नाही. सगळ्या घराचा हेल्थ इन्शुरन्स माझ्या नोकरीवर, त्यात लेकीला दमा. दीड हजार वर्षांपूर्वी कोण कुठून कुठे गेलं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. डिपार्टमेंट टिकलं पाहिजे, बस्स!

* * *

इंटरव्ह्यू घेतला बोहदाननं. मूळचा युक्रेनचा, सत्तरीला टेकलेला. तिथं सगळ्यांना नावानंच हाक मारायची. वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे बोहदान म्हणायचं! सहा महिने माझी जीभ वळत नव्हती.

"कुठली तू?"

"नागपूरची."

"त्याआधी?"

"वडील वर्ध्याचे."

"त्याआधी?"

"आजोबा अमरावतीकडून आले म्हणतात."

"त्याआधी?"

माझं डोकं सरकलं. म्हटलं, "सर, मला टायपिंग येतं. ते विचाराल का?"

"टायपिंग सगळ्यांनाच येतं," बोहदान म्हणाला. "इथं भांडण 'त्याआधी'चंच आहे. सोमवारपासून ये!"

* * *

बोहदानचा सगळा भरवसा झाडांवर. डिपार्टमेंटच्या पिकनिकला त्यानं संजयला पार्कात धरलं आणि हॉट डॉग थंड होईपर्यंत सोडलं नाही. त्याचं म्हणणं असं, की स्लाव्ह भाषांत बर्चला स्वतःचा शब्द आहे, ओकला आहे, पण बीच नावाच्या झाडाचा शब्द जर्मन लोकांकडून उसना घेतलेला. म्हणजे मूळचे स्लाव्ह जिथं राहत होते तिथं बीच उगवतच नव्हतं. मग नकाशात बीच कुठं नाही ते बघा. तिथंच आमचं घर!

संजय इंजिनिअर माणूस. त्याला वाटलं, आता म्हाताऱ्याला पकडला. म्हणाला, "असं कसं? आमच्या मराठीत बटाटा हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय. म्हणजे आमच्याकडे पूर्वी बटाटा नव्हता म्हणायचं का?"

बोहदान म्हणाला, "नव्हताच!"

संजयनं तो थंड हॉट डॉग उचलून खायला घेतला.

* * *

दुसरी वांदा. पोलिश. तिचा विश्वास झाडांवर नाही, मडक्यांवर. एका जुन्या मडक्याची हुबेहूब नक्कल तिनं माझ्या फाइल कॅबिनेटवर ठेवलेली. हातानं घडवलेलं, ना नक्षी ना रंग. ही असली साधी मडकी जमिनीखाली जिथं जिथं सापडतात तिथं तिथं स्लाव्ह लोक पोचले, असं तिचं म्हणणं. आणि सुरुवात अर्थातच पोलंडमधून!

माझी आई नागपूरहून आली होती तेव्हा तिला ऑफिस दाखवायला नेलं. आईनं मडकं हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आपला कुंभार फुकटसुद्धा देणार नाही."

वांदानं उत्सुकतेनं विचारलं, "काय म्हणतात तुझ्या आई?"

मी म्हटलं, "म्हणते, अमूल्य आहे."

तेवढ्यात तिसरा, म्हणजे मिलान, दारातून डोकावला. सर्बियाचा, कायम कॉफीचा मग हातात. "वांदा, तुझं हे मडकं कुठल्या भाषेत बोलतं?"

"तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलतं!" वांदा म्हणाली.

पुढचे तीन आठवडे दोघांचे निरोप मी पोचवत होते. शेजारशेजारच्या खोल्या, आणि मध्ये मी.

* * *

या मिलानचं तर तिसरंच. तो म्हणायचा, स्लाव्ह असं कुणी मुळात नव्हतंच! डॅन्यूब नदीपलीकडे नाना तऱ्हेचे लोक राहत होते. नदीच्या अलीकडे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्य होतं. त्याला या लोकांची भीती वाटायची, म्हणून त्यानं सगळ्यांना मिळून एक नाव ठोकून दिलं. पुढे त्या लोकांनाही ते नाव पटलं. झाले स्लाव्ह!

"मग तू इथं पगार कशाचा घेतोस?" वांदा विचारायची.

त्याला एकदा आमच्या मंडळाच्या गणपतीला नेलं. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला. जेवणाच्या रांगेत नेहमीप्रमाणे पेटलं होतं. पुणेकर म्हणत होते आमटीत गूळ हवाच, आम्ही नागपूरकर म्हणत होतो मग तिला आमटी म्हणू नका, सरबत म्हणा. मुंबईकर म्हणत होते यार, रांग पुढे सरकवा. मिलान हरखून बघत होता. त्यानं मंडळाचे अध्यक्ष जोशीकाका गाठले.

"तुम्ही सगळे एकच लोक आहात हे कशावरून ठरवलं?"

जोशीकाका दमलेले होते. सकाळपासून खुर्च्या मांडत होते बिचारे. म्हणाले, "अहो, कशावरून म्हणजे? याच हॉलच्या बुकिंगवरून गुजराती मंडळींशी भांडण होतं, तेव्हा ते आम्हा सगळ्यांना एकच समजतात!"

मिलाननं ते वाक्य पेपर प्लेटवर लिहून घेतलं. आमटी सांडली तरी प्लेट सोडली नाही.

* * *

मग आलं २००८. मार्केट कोसळलं, कॉलेजचं बजेट कापलं. संजयचं काँट्रॅक्ट त्याच महिन्यात संपलं. डीननं निरोप धाडला, की तिघांनी मिळून एक कोर्स शिकवा, 'स्लाव्ह कोण होते?' पोरं आली तर बघू, नाही तर डिपार्टमेंट बंद.

कोर्सचं पोस्टर करायचं होतं. पोस्टरवर नकाशा. नकाशात बाण. आणि बाण सुरू कुठून करायचा?

बोहदाननं जिथं बीच उगवत नाही अशा एका दलदलीभोवती गोल काढला. वांदानं तो खोडून पोलंडभोवती काढला. मिलाननं दोन्ही खोडले आणि म्हणाला, "बाणच नको." सोमवारी हे झालं, मंगळवारी झालं, बुधवारीही तेच. गुरुवारी सकाळी प्रिंटिंगला द्यायचं होतं. मी घरी गेले की लेकीच्या दम्याच्या पंपात किती डोस उरलेत ते बघायची. माणसं शिकलेली, पण इथं माझं घर टांगणीला लागलंय हे एकालाही कळू नये? रडूच यायचं हो.

शेवटी मी कुणालाच न विचारता पोस्टर केलं. भांडणाचा जेवढा म्हणून भाग होता तेवढ्यावर एक मोठी पिवळी चौकट टाकली. त्यात लिहिलं, 'मंगळवार-गुरुवार, दुपारी दोन वाजता, रूम चौदा.' चौकटीच्या खालून चारी दिशांना बाण.

मला वाटलं, आता तिघं मिळून मला खाणार.

बोहदान पोस्टरच्या अगदी जवळ गेला. "छान. गोल खाली आहे ना, माझा?"

"आहे," मी म्हटलं.

वांदानंही तेच विचारलं. तिलाही आहे म्हटलं. मिलान खूश होता, कारण मूळ ठिकाण दिसतच नव्हतं!

* * *

पोरं बऱ्यापैकी आली. तरी शेवटचा निकाल डीनच्या हातात. तो डिपार्टमेंटच्या मीटिंगला येऊन बसला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. सकाळपासून दोन डिपार्टमेंट बंद करून आला होता. मी मिनिट्स, म्हणजे मीटिंगचा वृत्तांत, लिहायला कोपऱ्यात.

"मला कमिटीला काहीतरी सांगावं लागेल," तो म्हणाला. "स्लाव्ह म्हणजे नेमकं काय, यावर तुम्हा तिघांना मान्य असलेलं एक वाक्य द्या. एकच!"

बोहदाननं तोंड उघडलं. तो बोलायच्या आधीच वांदा म्हणाली, "नाही."

आमच्या मीटिंगा कायम इंग्लिशमध्ये. कुणाची भाषा आधी, यावरून वाद नको म्हणून. पण त्या दिवशी बोहदान भडकला आणि इंग्लिश विसरला. सरळ युक्रेनियनमध्ये सुरू झाला. वांदानं पोलिशमध्ये उलट दिलं. मिलान मग आपटून सर्बियनमधून त्यात पडला. कुणी कुणासाठी थांबेना, आणि भाषांतर कुणालाच लागेना. बोहदानचं वाक्य अर्ध्यात वांदा तोडत होती, वांदाचं मिलान पुरं करत होता. आमच्याकडे भाऊबंद जमिनीवरून भांडतात ना, अगदी तसं.

माझा पेन थांबला. मनात म्हटलं, संपलं. उद्यापासून दुसरी नोकरी शोधा.

डीन माझ्याकडे वळला. खोलीत तेवढी एक मीच मोकळी होते. हळू आवाजात त्यानं विचारलं, "हे तिघं कुठल्या भाषेत बोलतायत?"

मी पाच वर्षं या तिघांमध्ये बसले होते. दमले होते हो मी. म्हटलं, "एकच आहे सर. तिघांची मिळून."

तिघंही माझ्याकडे वळले.

डीननं तिघांकडे पाहिलं. "बरोबर आहे हे?"

बोहदान माझ्या पत्रातले स्वल्पविरामसुद्धा दुरुस्त करायचा. तो टेबलाकडे बघत राहिला. वांदानं मान डोलावली. आणि मिलान म्हणाला, "बरोबर आहे."

डीननं काहीतरी टिपून घेतलं, पेनाला टोपण लावलं. "चला, वाक्य मिळालं. अजून एक वर्ष," म्हणाला आणि दार ओढून निघून गेला.

मी डोळे पुसले. मग मिलान खुर्ची सरकवत माझ्या टेबलापाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "शुभदा, मी जे आत्ता बोललो ना, ते मिनिट्समध्ये घेऊ नकोस!"